आधी गेट ठरवा, मग पदवी

पदवीचे निकाल लागले, की कसबा बावड्यात भगव्या चौकातल्या चहाच्या गाड्यापासून साखर कारखान्याच्या रस्त्यापर्यंत एकच चर्चा असते : आता पुढं काय? कुणी स्पर्धा परीक्षेचं बोलतं, कुणी पुण्यात खोली शोधायला लागतं. आणि बीकॉम, बीबीए, बीए झालेल्यांच्या घोळक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मला एचआर करायचंय. माणसांशी बोलायला आवडतं मला.’

वाक्य चांगलं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. माणसांशी बोलायला विमा एजंटालाही आवडावं लागतं आणि एसटीच्या कंडक्टरलाही. एचआरमध्ये बोलण्यापेक्षा ऐकून घेणं जास्त, ऐकण्यापेक्षा लिहून ठेवणं जास्त आणि लिहिलेलं कायद्यात बसतंय का, हे बघणं सगळ्यात जास्त. दोन वर्षं आणि घरच्यांनी साठवलेले पैसे पणाला लावण्याआधी एवढं तरी माहीत हवं.

दोस्तांनो, आमचं म्हणणं सरळ आहे. ‘एचआरसाठी कुठली पदवी चांगली?’ हा प्रश्न उलट्या बाजूनं विचारला जातोय. आपल्याला कुठल्या गेटमधून आत जायचंय, हे आधी ठरवा. ते ठरलं की पदवीचं उत्तर फार लांब राहत नाही.

नाव एक, कामं चार

पहिलं गेट कारखान्याचं. बावड्याच्या पुलावरून पंचगंगा ओलांडली, की शिये आणि पुढं शिरोलीची एमआयडीसी. महामार्गानं कागलकडं निघालात, की गोकुळ शिरगाव आणि त्यापुढं पंचतारांकित वसाहत. फौंड्री, मशीन शॉप, सूतगिरणी, साखर कारखाना. इथं एचआरचं काम टाइम ऑफिसपासून सुरू होतं. हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाइम, कंत्राटदाराच्या माणसांचे पीएफ-ईएसआय, कुणाचा हात मशिनमध्ये सापडला तर दवाखाना आणि त्यानंतरचे कागद, युनियनचं मागणीपत्र, कुणाला दिलेली शोकॉज नोटीस आणि तिची चौकशी. साखर कारखान्यात तर कायम कामगार वेगळा, हंगामी वेगळा आणि दोघांचे हिशेबही वेगळे.

दुसरं गेट आयटी आणि मोठ्या सेवा कंपन्यांचं. ते बहुतेक पुणे, मुंबई, बेंगळुरूलाच आहे. तिथं भरती, प्रशिक्षण, वार्षिक मूल्यमापन आणि नोकरी सोडून निघालेल्याला थांबवणं ही कामं मोठी. इंग्रजी अस्खलित हवं, आकडे आणि प्रेझेंटेशन हातात हवं.

तिसरं गेट दवाखाने, शिक्षणसंस्था, बँका आणि सहकारी संस्थांचं. तिथं त्याला आजही ‘आस्थापना विभाग’ म्हणतात. सेवापुस्तक, वेतननिश्चिती, बढत्या, रजेचे हिशेब. अनुदानित संस्था असेल तर बिंदुनामावलीसुद्धा. बावड्यातच अभियांत्रिकी कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे. एवढ्या माणसांच्या नोकऱ्यांचे कागद कुणीतरी सांभाळत असतंच की.

चौथं गेट कन्सल्टन्सीचं, आणि इथं जरा सांभाळून. एक कन्सल्टन्सी माणसं पुरवते. जाहिरातीत ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि काम असतं दिवसभर उमेदवारांना फोन लावायचं, वर महिन्याचं टार्गेट. त्यातूनही शिकता येतं, पण ते भरतीचं काम आहे, त्यात बाकीचं एचआर येत नाही, हे जाताना माहीत असावं. दुसरी कन्सल्टन्सी लहान कारखान्यांचे पगार, पीएफची चलनं आणि कामगार कायद्याच्या नोंदी सांभाळते. तिची जाहिरात फारशी दिसत नाही. नवख्याला शिकायला मात्र तीच जास्त देते, कारण एका टेबलावर दहा कारखान्यांची मस्टर येतात.

हे पद गेटवरच जन्मलं

आमच्या पानाच्या वाचकांपैकी बरेच जण ‘एचआर’ म्हटलं की काचेची केबिन डोळ्यासमोर आणतात. या कामाचा इतिहास मात्र धुळीचा आणि घामाचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी माणसं भरायचा तो जॉबर. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला काढायचं, बदलीवर कुणाला उभं करायचं, सगळं त्याच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीची किंमत कामगाराच्या खिशातून. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१ च्या अहवालात भरतीतली जॉबरची सत्ता संपवायला सांगितलं आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. इंग्लंडातही असंच. आज तिकडं एचआरवाल्यांची जी सगळ्यात मोठी व्यावसायिक संस्था आहे, तिची सुरुवात १९१३ मध्ये यॉर्कच्या एका कोको कारखान्यात जमलेल्या कल्याण कार्यकर्त्यांच्या बैठकीतून झाली.

आपल्याकडं १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४९ आलं. ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे आणि त्याची पात्रता, कामं, सेवाशर्ती राज्य सरकारनं ठरवायच्या, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं त्यासाठी १९६६ साली नियम केले. पदवी आणि वर सामाजिक शास्त्रातली मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका, अशी त्या पात्रतेची मूळ घडण. कारखान्यांच्या जाहिरातीत एमबीएच्या शेजारी एमएसडब्ल्यू किंवा कामगार कल्याणाची पदविका का मागतात, याचं उत्तर इथं आहे. एमबीए एचआर झालं की कल्याण अधिकारी होता येतंच, अशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. त्या अभ्यासक्रमाला शासनाची त्या पदासाठी मान्यता आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

आता यातला आकडा बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत कल्याण अधिकाऱ्यासाठी ५०० च्या जागी २५० कामगारांची मर्यादा आली आहे. म्हणजे तीनशे-चारशे माणसांचा जो कारखाना आजवर या सक्तीच्या बाहेर होता, तो आत येतो. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी. स्त्रिया रात्रपाळीत काम करणार असतील, तर त्यांची संमती घ्यायची आणि सुरक्षेची व्यवस्था करायची. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. हे सगळं करणार कोण? जो कुणी त्या टेबलावर बसेल तो. उद्या कदाचित तुम्हीच.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींची लेखी नियमावली, जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून सक्तीची होती. आता ती मर्यादा ३०० झाली. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची परवानगी लागायची, तो आकडाही १०० वरून ३०० वर गेला. याचा अर्थ समजून घ्या. दोनशे माणसांच्या कारखान्यात आता कामगाराच्या बाजूनं सक्तीचा कागद कमी आणि एचआरच्या माणसाच्या समजुतीवर, सचोटीवर सोडलेलं जास्त. अशा जागी अर्धवट शिकलेला माणूस बसला, तर त्याचं नुकसान दुसऱ्याच्या घराला भोगावं लागतं.

कुठली पदवी, कुठलं गेट

कारखान्याचं गेट मनात असेल, तर एमएसडब्ल्यूचा विचार गांभीर्यानं करा. नाव ऐकून ‘ते एनजीओवाल्यांचं’ म्हणून बाजूला ठेवू नका. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला साधारणपणे हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम खुला असतो, आणि त्यातलं क्षेत्रकार्य ही त्याची खरी ताकद. आठवड्यातले ठरलेले दिवस तुम्ही वर्गाबाहेर, माणसांत असता. कारखान्यात क्षेत्रकार्य मिळालं, तर पदवी हातात येण्याआधीच कँटीनची तक्रार कशी ऐकायची आणि ती फोरमनपर्यंत कशी न्यायची, हे कळलेलं असतं. यासाठी कोल्हापूर सोडायचीही गरज नाही. १९७६ साली सुरू झालेल्या आपल्या ‘सायबर’मध्ये एमबीएही आहे आणि एमएसडब्ल्यूही. एकाच आवारात दोन्हीकडच्या सिनिअर्सना भेटून तुलना करता येते. अशी सोय फार गावांत नाही, तिचा फायदा घ्या.

मुंबईला राहण्याची तयारी असेल, तर परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था बघा. ही सरकारी संस्था, आणि तिथला मास्टर ऑफ लेबर स्टडीज हा अभ्यासक्रम पूर्णपणे कामगार, कायदा आणि औद्योगिक संबंधांवर उभा आहे. ज्यांचं नाव तिला दिलंय, ते लोखंडे म्हणजे सत्यशोधक चळवळीतले, १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र आणणारे आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे पुढारी. आज ‘वीकली ऑफ’चा रकाना भरताना हे आठवावं.

आयटीचं किंवा मोठ्या कंपनीच्या कॉर्पोरेट ऑफिसचं गेट हवं असेल, तर एमबीए हाच राजरस्ता. हिशेब, मार्केटिंग, उत्पादन या बाकीच्या खात्यांची भाषाही त्यातून कळते आणि वर चढायला ती लागतेच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एमबीएमध्ये एचआर साधारणपणे दुसऱ्या वर्षाचं स्पेशलायझेशन असतं. दोन वर्षांतले एचआरचे पेपर मोजा. त्यात कामगार कायद्याचे किती, तेही मोजा. सीईटीत कमी गुण पडले म्हणून मिळेल त्या कॉलेजात मोठी फी भरून ‘एमबीए’ ही अक्षरं विकत घेण्यापेक्षा एक वर्ष नोकरी करून पुन्हा सीईटी दिलेली बरी. जमशेदपूरचं एक्सएलआरआय किंवा मुंबईचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थान यांसारख्या ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर मात्र फार विचार करू नका, जा. तिथली पदवी कारखान्यातही चालते आणि केबिनमध्येही.

कायद्याची गोडी असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, आणि आपल्याकडं ती फार कमी जण धरतात. पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी किंवा कामगार कायद्याची पदविका. कोल्हापुरात १९३३ पासून शहाजी लॉ कॉलेज आहे. कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय इथंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतंय. जो एचआर अधिकारी चौकशीचा अहवाल न्यायालयात टिकेल असा लिहू शकतो, त्याची किंमत कुठल्याही कारखान्याला कळते.

घरची जबाबदारी आहे, नोकरी सोडता येत नाही, अशांनी वाईट वाटून घेऊ नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. कुठल्याही संस्थेत दूरस्थ प्रवेश घेताना त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, तेवढं आधी बघा. टाइम ऑफिसमध्ये काम करत करत घेतलेली दूरस्थ पदवी काहीच काम न करता घेतलेल्या रेग्युलर पदवीला अनेकदा भारी पडते.

पदवीत नसलेलं गणित

आता एक हिशेब सोडवा. एका कामगाराचा महिन्याचा पगार २०,००० रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ८,००० आणि बाकीचे १२,००० घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते. नव्या संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येनुसार असे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. निम्मे म्हणजे १०,०००. भत्ते त्याहून २,००० नं जास्त. ते २,००० वेतनात गेले, वेतन झालं १०,०००. बारा टक्क्यांनी पीएफ आधी ९६० रुपये कापला जायचा, आता १,२०० कापला जाईल. मालकाचा वाटाही त्याच प्रमाणात वाढेल. कामगाराच्या हातात २४० रुपये कमी पडतील, पण त्याच्यासाठी दरमहा ४८० जास्त भरले जातील.

गणित चौथीतल्या पोराला येईल. खरी परीक्षा पुढं आहे. पगाराच्या दिवशी तो कामगार खिडकीवर येऊन म्हणणार, ‘साहेब, माझे अडीचशे रुपये कुठं गेले?’ त्याला हे कायद्याच्या भाषेत सांगून उपयोग नाही. मराठीत, त्याला पटेल असं, आवाज न चढवता सांगता आलं पाहिजे. आपल्या वसाहतींत परप्रांतीय कामगारही आहेत, त्यांना हिंदीत सांगता आलं पाहिजे. आणि तेच मालकाला एका पानाच्या इंग्रजी टिपणात लिहून देता आलं पाहिजे. एक्सेल, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयची पोर्टल्स आणि या तीन भाषा : एवढं जमत असेल, तर पहिली नोकरी मिळायला पदवीच्या कागदाची मदत पुरते. हे जमत नसेल, तर सोनेरी शिक्क्याची पदवीही मुलाखतीत दहा मिनिटं टिकत नाही.

इथं एक दाखला बावड्यातलाच. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमधला. त्यांचा २६ जुलै १९०२ चा आदेश आपण आरक्षणाचा पहिला जाहीरनामा म्हणून शाळेपासून ऐकत आलोय. एचआरच्या विद्यार्थ्यानं तो भरतीचा कागद म्हणूनही वाचावा. आदेशाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भरायच्या. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण त्याहून कमी असेल, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं केलेल्या नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी सादर करायची. काय साधायचंय, कसं साधायचंय आणि झालं की नाही हे कसं तपासायचं, तिन्ही गोष्टी एका कागदात. न्यायाची नुसती इच्छा असून चालत नाही, ती नोंदवहीत उतरावी लागते. एचआरचं काम यापेक्षा वेगळं काही नाही.

फी भरण्याआधी

म्हणून प्रवेशाच्या घाईत एवढं कराच. ज्या कॉलेजात फी भरणार, तिथं विचारा : मागच्या वर्षी एचआरचे किती विद्यार्थी होते, त्यांतले किती नोकरीला लागले, कुठल्या कंपनीत आणि कुठल्या पदावर? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे उत्तर नव्हे. दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, विचारा. टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा. इंटर्नशिप कुठं आणि किती आठवडे, कारखान्यात की नुसती कागदावर, हेही विचारा.

त्याआधी, जमलं तर या सुट्टीतच, महिनाभर एखाद्या कामगार कायदा सल्लागाराच्या ऑफिसात किंवा कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसा. पैसे थोडे मिळतील, कदाचित नुसता चहा मिळेल. मस्टर बघा, पीएफचं चलन कसं भरतात ते बघा, कामगार काय विचारायला येतात ते ऐका. महिन्यानंतरही तिथं बसावंसं वाटलं, तर हे क्षेत्र तुमचं. नाही वाटलं, तरी फायदाच. दोन वर्षं आणि मोठी रक्कम वाचली.

आई-वडिलांनाही एक सांगणं. ‘एमबीए म्हणजे मोठं, एमएसडब्ल्यू म्हणजे कमी’ हा हिशेब लग्नाच्या बायोडाट्यात चालत असेल, कारखान्याच्या गेटवर चालत नाही. पोरगी फौंड्रीत एचआर करते म्हटल्यावर नाक मुरडू नका. जिथं स्त्रिया काम करतात, तिथं त्यांची तक्रार ऐकून घेणारी बाई त्या टेबलावर असणं ही त्या कारखान्याची गरज आहे.

शेवटचं, आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. या नोकरीत मालक म्हणेल, तू कामगारांचा. कामगार म्हणेल, तू मालकाचा. दोघांनाही तुम्ही लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवावा लागला, की समजा तुम्ही काम शिकलात. तो विश्वास कमवायला वर्षं लागतात, आणि सुरुवात योग्य गेटवर उभं राहण्यापासून होते. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळी शिरोलीला जा, बाहेर पडणाऱ्या माणसांकडं बघा. यांच्यासाठी आणि यांच्याबरोबर आयुष्याची तीस वर्षं काम करायची आहेत का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ आलं, की मग सीईटीचा फॉर्म, एमएसडब्ल्यूचा फॉर्म, लॉचा फॉर्म, जो हवा तो उघडा.